लाफोआईमामा रेडी टू गो

गावाला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी राजधानीत, आपियाच्या एका हॉटेलात दोन वर्षं ताटल्या विसळल्या होत्या आणि त्या ताटल्यांत परदेशी पाहुणे जेवायचे. आमच्या सावाई बेटावर एवढी पात्रता पुरते.

ऑस्ट्रेलियातल्या एका फळबागेच्या मालकीणबाई, ग्लेंडाबाई, नासपती तोडायला माणसं निवडायला येणार होत्या. अट एकच. प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं इंग्रजी बोलायचं.

"सोपं आहे," मी वर्गाला म्हटलं. "आधी मनात काय आहे ते, मग टू, मग काम. हॅपी टू वर्क. रेडी टू गो. एबल टू लिफ्ट."

गाव चेकाळलं. पाद्रीबुवा देवळात "ग्लॅड टू प्रे" म्हणायला लागले. आई डुकराकडे बघून म्हणाली, "हे काही हॅपी टू डाय दिसत नाही." रविवारी मात्र ते नाइस टू ईट निघालं.

सगळ्यात मन लावून शिकले लाफोआईमामा, आमचे गावप्रमुख. वय पन्नास. नासपतीचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. पण त्या बागेपासून अर्ध्या तासावर त्यांची लेक लोसा राहते. तिची मुलगी तीन वर्षांची झाली तरी मामांनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं, त्यातही बहुतेक वेळा नुसत्या नाकपुड्या. निवड झाली तरच जाणं जमणार होतं. म्हणून मामा रोज परसात कोंबड्यांना ऐकवायचे, "आय ॲम हॅपी टू क्लाइम्ब." चौथ्या दिवसापासून कोंबड्या झाडावर चढायला लागल्या.

घोळ एवढाच की, आमच्याकडे प्रमुख सभेत बोलत नाही. त्याच्यासाठी त्याचा वक्ता बोलतो. प्रमुख जितका गप्प तितका मोठा, आणि आमचे मामा फार म्हणजे फारच मोठे.

"मुलाखत नारळाखाली घेऊ या ना, म्हणजे ती सभा ठरणार नाही," मी सुचवून पाहिलं.

"पाहुणीला नारळाखाली बसवतोस? डोक्यात पडला म्हणजे?" आई म्हणाली.

म्हणून ग्लेंडाबाईंना सभाघरात बसवलं, करवंटीतून आवा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं मानाचं पेय, पाजला, आणि झाली रीतसर सभा. बारा जण पटापट पास झाले. मग त्या मामांकडे वळल्या. "वीस किलो उचलाल?"

वक्ते तुइलोमाकाका उभे राहिले. हातात उंच काठी, खांद्यावर काथ्याची चवरी.

"ही इज एबल टू लिफ्ट!" काठी आपटून ते म्हणाले. "यांचे आजोबा एबल टू लिफ्ट होड्या. यांचे खापरपणजोबा एबल टू लिफ्ट हे अख्खं बेट, पण ते विलिंग टू लिफ्ट नव्हते."

"मी यांना विचारलं," ग्लेंडाबाई म्हणाल्या.

"ही इज प्राउड टू बी सायलेंट."

"आणि बागेत मुकादम ओरडला, शिडी घसरतेय, तर उत्तर कोण देणार? तुम्ही? इथून?"

काकांनी क्षणभर विचार केला. "मोठ्यानं देईन."

ग्लेंडाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

मामा खांबाला टेकून ताठ बसले होते. चेहरा दगडाचा. पण बोटं चटईचा एक धागा उसवत होती, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वीतभर बाहेर आला.

काकांनीही तो पाहिला. त्यांनी काठी खाली ठेवली, चवरी उशाला घेतली आणि जाहीर केलं, "मंडळी, मला झोप आली."

सकाळचे दहा वाजले होते. काका घोरायला लागले.

"काका, अहो काका!" मी त्यांना हलवलं.

"गप रे गाढवा," दोन घोरण्यांच्या मधून ते पुटपुटले. "वक्ता झोपला, लोक झोपले, मग सभा कुठली?"

आधी पाद्रीबुवा कलंडले. मग आई. मग पास झालेले बारा. बघता बघता चाळीस माणसं आडवी झाली. कुत्र्यानं चहूकडे पाहिलं आणि तोही पसरला. मी गाल चटईला टेकवून एक डोळा उघडा ठेवला. शेवटी मी शिक्षक होतो.

सभा उरली नाही म्हटल्यावर मामांनी घसा साफ केला.

"आय ॲम एबल टू लिफ्ट. आय ॲम हॅपी टू क्लाइम्ब. आय ॲम रेडी टू गो." मग अगदी हळू, "आय ॲम हंग्री टू सी लोसाज बेबी."

हंग्री मी शिकवलंच नव्हतं.

मामांनी फोनवरचा नातीचा फोटो पुढे केला. ग्लेंडाबाई बराच वेळ त्या नाकपुड्यांकडे पाहत राहिल्या.

"नाक तुमच्यावर गेलंय," त्या कुजबुजल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नाव लिहून झाल्यावर आमच्याकडे बघत म्हणाल्या, "ही माणसं उठवायला अवघड आहेत का?"

"हार्ड टू वेक," डोळे न उघडता काका म्हणाले. "इझी टू फीड."

ग्लेंडाबाई चपला हातात घेऊन चवड्यांवर चालत बाहेर गेल्या. पण मामा थांबेनात. तीन आठवडे इंग्रजीत फक्त कोंबड्यांशी बोललेला माणूस! ग्लॅड टू प्रे झालं, नाइस टू ईट झालं, मग ते पहिल्यापासून सुरू झाले. आणि प्रमुख बोलत असताना सभा जागी होणार तरी कशी? पलीकडे गरम दगडांवर भाजलेले तारोचे कंद निवत होते, आणि आम्ही चाळीस जण दुपारपर्यंत उपाशीपोटी गाढ झोपलो होतो.