पुढचं दुकान, मागची खोली

मुईनं घाईघाईनं दुधाचे दोन्ही वाडगे उचलून खिडकीत ठेवले, कारण बिकहा पिशवी सोडून रेशमाची घडी टेबलावर उलगडायलाही लागली होती. रेशीम लाल होतं, पण बाजारातल्या भडक लाल रंगाचं नव्हे. जरा काळपट, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखं. टेबल भरून ते खाली मुईच्या मांडीवर आलं.

"अगं बाई!" मुईनं आधी हात झग्याला पुसले आणि मगच कापडाला बोट लावलं. "हे कुठून पैदा केलंस? असलं आता कुणी विणत नाही."

"घरातच होतं. लेकीच्या बापानं आणून ठेवलेलं, ती शाळेत होती तेव्हा."

"आणि आज बाहेर काढलंस?"

"लग्न ठरलंय. येत्या हिवाळ्यात." बिकहानं कापडावरची नसलेली सुरकुती हातानं सारखी केली. "मुई, मला राजा हवाय."

नवरीच्या लाल अंगरख्याला आणि घागऱ्याला क्वा म्हणतात. ज्या क्वावर सोन्याचांदीची जर इतकी दाट भरलेली असते की खालचा लाल रंग नावालाही दिसत नाही, त्याला या धंद्यातले लोक राजा म्हणतात. बिकहाच्या हाँगकाँगच्या दुकानातून राजा शेवटचा कधी गेला होता, ते आठवायला दोघींनाही डोकं खाजवावं लागलं असतं.

"राजा करायचा तर एवढं रेशीम कशाला वाया घालवतेस?" मुई म्हणाली. "दिसणार आहे का कुणाला?"

"मला ठाऊक असेल ना, खाली काय आहे ते."

मुई हसली, पण नेहमीसारखी पोटातून नव्हे. तिनं एक वाडगा खिडकीतून परत आणून बिकहाच्या हातात दिला. शुंदे गावात पाहुणा आला की दोनदा साय धरवलेलं घट्ट, गोड दूध द्यायचं, मग तो पाहुणा परका असो की तीस वर्षं घरात येणारी बाई असो. बिकहानं चमच्यानं वरची साय मोडली आणि तशीच ठेवली.

तीस वर्षं हे असंच चाललं होतं. हाँगकाँगच्या दुकानात बिकहा नवरीची मापं घ्यायची, पातळ कागदावर नक्षी काढायची आणि सीमेपलीकडे मुईकडे पाठवायची. इकडे माशांच्या तळ्यांशेजारच्या या खोलीत मुई आणि तिच्या हाताखालच्या बाया चौकटीवर कापड ताणून जर भरायच्या. पुढचं दुकान तिकडे, मागची खोली इकडे. सगळा मुलूखच तेव्हा तसा चालायचा, खेळण्यांपासून पंख्यांपर्यंत. नवरी मुलींना मागच्या खोलीचा पत्ता नसायचा आणि असण्याचं कारणही नव्हतं.

"कधी सुरू करतेस?" बिकहानं विचारलं. "राजाला दहा महिने लागतील. आज ताणलंस कापड, तर होईल."

 मुईनं आतल्या खोलीकडे पाहिलं. आत तिचा नवरा आ-चुन दुपारची झोप काढत होता आणि घोरण्यानं दार थरथरत होतं.

"ऐक ना कसा वाजतोय," ती म्हणाली. "जिवंत आहे, एवढंच त्याचं कर्तृत्व."

"मुई."

"मला जमायचं नाही गं, बिकताई."

बिकहानं वाडगा खाली ठेवला.

"चौकटीवर दुसरं काम आहे," मुई भराभर बोलू लागली. "शेनचेनच्या दुकानाचं. बाया सगळ्या गेल्या, कुणी नातवंडं सांभाळायला, कुणी डोळे गेले म्हणून. मी एकटी, आणि चौकट एक. एका वेळी एकच काम होतं."

"शेनचेनचं दुकान!" बिकहा म्हणाली. "काल उगवलेलं दुकान. आणि मी कोण?"

"तू कोण ते मला नको शिकवूस. तू महिन्याला चार-चार कामं द्यायचीस तेव्हा मी कधी दुसऱ्याचं तोंड पाहिलं? आता वर्षाला दोन देतेस. मी काय वारा खाऊ?"

"माझ्याकडे नवरी मुलीच येत नाहीत, तर मी काय रस्त्यावरून धरून आणू?"

"येतील कशा? त्या इकडे येतात! तुमच्याच हाँगकाँगच्या पोरी. सकाळी गाडीत बसतात, दुपारी क्वा पसंत करतात, भाजलेलं बदक खातात आणि रात्री आपल्या घरी झोपतात. स्टेशनावर पाटी नाही वाचलीस? सगळी शहरं एका तासात! पूर्वी तू पुढचं दुकान आणि मी मागची खोली. आता मागच्या खोलीलाच रस्त्यावर दार फुटलं. मी नाही फोडलं ते."

 पाटी बिकहानं वाचली होती. ती स्वतः त्याच गाडीनं आली होती, आणि गाडी चांगली होती, हेच तर दुखणं होतं. तिची लेक चिंगलाम याच गाडीनं सीमेपलीकडे शेनचेनला नोकरीला जाऊ लागली, मग तिकडेच राहू लागली, तिकडच्याच मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा भला होता. कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

"मी दुकान बंद करतेय," ती म्हणाली. "अजून कुणाला सांगितलेलं नाही. हिवाळ्यापर्यंत ओढणार, तिचं लग्न होईतो. शेवटचा क्वा तिचा निघावा, एवढंच मनात आहे. मला स्वतःला करता आला असता तर तुझ्या दारात आले असते का?"

हे मुईला माहीत होतं. नवरा गेल्यापासून बिकहानं नवरीच्या कपड्याला सुई लावली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. असल्या गोष्टींना मनाई करावी लागत नाही. विधवेचा टाका नवरीच्या अंगावर नको, एवढं या धंद्यात जन्म काढलेल्या बाईला समजतं. तयार क्वा नवरीच्या हातात द्यायलासुद्धा ती खालच्या सुक्या मासळीवाल्या वोंगबाईंना बोलवायची. वोंगबाईंचा नवरा, मुलं, सुना, सगळे जागच्या जागी होते. क्वा देताना वोंगबाईंच्या हाताला बोंबलाचा वास यायचा, पण शुभ ते शुभ.

"तुझ्याशिवाय दुसरा हात नाही माझ्याकडे," बिकहा म्हणाली. "त्या शेनचेनच्या नवरीचं काम मागे टाक."

"मागे टाकलं तर वेळेत होणार नाही. परत पाठवावं लागेल. ते दुकान मशीनवर करून देईल तिला."

"देऊ दे. तिला काय फरक कळणार आहे?"

"तसं नाही गं. पोरगी गोड असावी. दुकानवाल्याला म्हणाली, जरीचं काम थोडंच घाला, जड नको, मला त्यात नाचता आलं पाहिजे." मुईला आता बोलायला विषय मिळाला होता. "आणि गंमत ऐक. क्वा घरी पाठवू नका म्हणाली, ऑफिसात पाठवा. आई अधूनमधून घरी येते, तिला कळू द्यायचं नाहीये म्हणे."

"लग्नाचा क्वा आईपासून लपवते?"

"आजकालच्या पोरी!"

"पोरींचं काय घेऊन बसलीस! जिला पोटची पोर क्वासुद्धा दाखवत नाही, ती आई तरी कसली असेल?" बिकहा ताडकन उठली. "अशा घरच्या कामासाठी तू माझं काम नाकारतेस, मुई? तीस वर्षांनी?"

हा घाव बरोबर बसला. मुईचे डोळे भरून आले. तिनं नाक ओढलं, कापडाचा कोपरा उचलून पुन्हा ठेवला, आणि मग हरलेल्या माणसासारखी उठली.

"बरं बाई. तुझं आधी. चल, चौकट मोकळी करू लाग मला. दोन माणसं लागतात त्याला."

बिकहाला आनंद झाला. त्या आनंदात थोडी लाजही होती, पण आनंद जास्त होता. खिडकीखाली जुन्या चादरीनं झाकलेली चौकट होती. मुईनं चादर ओढली. क्वाचा पुढचा भाग निम्म्याहून अधिक भरला होता. खरंच हलकं काम. एक ड्रॅगन, एक फिनिक्स, मध्ये मोकळं लाल कापड आणि खाली काठाला लाटा. खाली सुताची दोरी भरून वर जर बसवलेली, हात मुईचाच, कुठेही ओळखला असता असा. मुई एका बाजूच्या दोऱ्या सोडू लागली. बिकहा दुसऱ्या बाजूला वाकली आणि गाठ सोडण्यासाठी तिनं काठ बोटांत धरला.

लाटांमध्ये एक खेकडा होता.

नखाएवढाच. एक नांगी मोठी, एक लहान, आणि पाय सगळे एकाच बाजूला.

"बघितलंस?" मुई पलीकडून म्हणाली. "नवरीच्या कपड्यावर खेकडा! आडवा चालणारा प्राणी! मी दुकानवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, पोरीनं स्वतः काढून दिलाय, तस्साच हवा म्हणते, पायसुद्धा एकाच बाजूला. डोळे तेवढे राहिलेत."

बिकहाची बोटं गाठीवर होती, ती तिथंच राहिली.

चिंगलाम लहानपणी भिंतीला धरून आडवी आडवी चालायची. बाप तिला खेकडी म्हणायचा; घरात, तेही तो एकटाच. सात वर्षांची असताना तिनं आईच्या नक्षीच्या कागदावर, थेट लाटांमध्ये, असाच एक खेकडा काढून ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद मुईकडे जायचा होता. बिकहानं कागद फाडला. पोरीला एक ठेवूनही दिली. नवरीच्या कपड्यावर वाकडं चालणारं काही नसतं, अक्कल नाही का तुला? बापानं रडणाऱ्या पोरीला उचलून खांद्यावर टाकलं आणि म्हणाला होता, तुझ्या लग्नात काढू हं खेकडे. तुझ्या लग्नात आईला विचारायचंच नाही.

तिला तिथं मुईसमोर मोठ्यानं रडता आलं असतं तर बरं झालं असतं. मुईनं पाठीवर हात फिरवला असता, दोघी मिळून पोरींना शिव्या देत बसल्या असत्या. पण रडू येईना. 

"काय झालं?" मुईनं विचारलं. "गाठ सुटत नाही का?"

"सोडू नकोस."

"आँ?"

"बांध परत तुझ्या बाजूची. हिचं आधी कर."

"डोकं फिरलं का तुझं? आत्ताच तर माझं रक्त प्यायलीस!"

"नाचायचंय ना तिला," बिकहा म्हणाली. "मशीनची जर बोचते. मान सगळी लाल होते."

मुईनं दोरी हातात धरून तिच्याकडे पाहिलं. बिकहा चौकटीसमोरच्या स्टुलावर बसली होती. शेजारच्या उशीवर दोरा ओवलेली सुई टोचून ठेवलेली होती. बिकहानं ती उपसली, उजेडात धरली, खेकड्यावर नेली.  नवरा होता तेव्हा तिनं असे किती डोळे घातले असतील! एक टाका, फार तर दोन. कुणाला कळलं असतं?

तिनं सुई उलटी करून मुईपुढे धरली.

"तू घाल. तुझा घोरतोय अजून."

मुईनं सुई घेतली.  बिकहानं टेबलावरचं रेशीम गोळा केलं, घडी न घालताच आणलं आणि चौकटीच्या कडेवर ठेवलं.

"हे हिच्या अस्तराला लाव."

"अस्तराला?" मुईचा आवाज खाली आला. "हे? परक्या पोरीच्या? अगं, अस्तर कुणाला दिसणार..."

ती बोलता बोलता थांबली. तिनं एकदा खेकड्याकडे पाहिलं, एकदा बिकहाच्या तोंडाकडे. मग काही न विचारता स्टूल ओढून चौकटीला बसली आणि बारीक काळ्या दोऱ्यानं पहिला डोळा घालू लागली.

बिकहाचा फोन वाजला. चिंगलामचा होता. दुपारच्या सुट्टीत ती रोज करायची.

"आई, जेवलीस का?"

"दूध प्याले."

"नुसतं दूध? कुठं आहेस? दुकानातच ना?"

"दुकानातच."

"आलं कुणी गिऱ्हाईक?"

"आहे एक मुलगी."

"बघ! मी म्हणत होते ना, येतील म्हणून!" लेकीचा आवाज इतका खुलला की बिकहाला फोन कानापासून जरा लांब धरावा लागला. मग तो आवाज हळू झाला. "आई, ऐक ना. माझ्या क्वाचं काही मनात धरून बसू नकोस हं. तू उगाच राजाबिजा काढशील आणि दुकानाचं भाडं थकवशील. मी इकडे भाड्यानं घेईन एखादा. एका दिवसाचा तर प्रश्न. चालेल ना? रागवणार नाहीस?"

आतल्या खोलीत आ-चुननं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागला. मुईनं दात लावून दोरा तोडला.

"कशाला रागवू?" बिकहा म्हणाली. "घे की भाड्याचा. हलका बघ."

"हो, हलकाच."

"आणि अस्तर तेवढं नीट बघून घे," ती म्हणाली. "अंगाला तेच लागतं."