सर्वांत लांबची खुर्ची

अंबानं किरण मोजायचं मीटर ढकलगाडीवर ठेवलं, अंतर मोजलं, बाहेर येऊन जाड दार लावलं आणि किल्ली फिरवली. शिशाच्या पोटातून गॅमा किरणांचा स्रोत वर आला. पडद्यावर तिला काटा हलताना दिसला. पोचायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे तो थांबला. पुन्हा करून पाहिलं, तरी तिथंच. मीटर कमी दाखवत होतं.

मीटर इस्पितळातून पारखायला आलेलं. नंदिता ते हातात धरून किरणांच्या खोल्या तपासते. आज लेकीऐवजी तिचे वडील वरुणराव स्वतःच ते घेऊन आले होते आणि व्हरांड्यातल्या सर्वांत लांबच्या खुर्चीवर नाकाला रुमाल लावून बसले होते. जणू किरणांना वास असतो.

हेच वरुणराव एकेकाळी अंबाला बघायला आले होते. गोड सोज्जी खाल्ली, तळलेली बज्जी पुन्हा मागून घेतली आणि उठताना म्हणाले, "कळवतो." कळवलं नाहीच. तमिळ मुलखातल्या या गावी राजवाड्यामागच्या मराठी घरांत मात्र परस्पर पसरलं, की मुलगी किरणांत काम करते, हिला मूल कसलं होतंय. मग कोणीच बघायला आलं नाही. टपालवाल्याची सायकल वाजली की तिचे वडील कितीतरी दिवस उठून बसायचे.

आता तिरुवैयारुची मंडळी नंदिताला बघून गेली होती. मुलाची आई, शेषम्मा, अंबाला विचारल्याशिवाय राहणार नव्हती. आपल्या माणसांत नंदिता सोडली तर किरणांचं कळणारी अंबा एकटीच. दोन शब्द बरे सांगा, एवढंच मागायला वरुणराव आले होते. पण तिथवर यायला त्यांनी सुरुवात यंदाच्या भातापासून केली होती.

अंबा समोर जाऊन उभी राहिली. ते खुर्चीसकट मागे सरकले.

"मीटर कमी दाखवतंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची लेक जिथं थोडं समजून उभी राहिली, तिथं जास्त होतं."

रुमाल खाली आला. त्यांचा चेहरा उतरत गेला आणि अंबा तो काटा वाचावा तशी वाचत राहिली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. मीटरचा संशय आधी नंदितालाच आला होता. छातीवरच्या बिल्ल्यात तिच्या अंगावर पडलेला डोस वेगळा नोंदला जातो, ते आकडे तिनं अंबाला कळवले होते आणि ते अगदी बिनधोक होते.

ते वाक्य अंबानं गिळलं. बज्जीसारखं खमंग लागलं.

"अंबाबाई, पोरीचं लग्न आहे. उद्या मूलबाळ..."

"बघते," ती म्हणाली. "कळवते."

वरुणराव रुमालाची घडी करत जिना उतरले.

अंबानं मीटरचा स्क्रू फिरवून काटा जागेवर आणला, किरणांपुढं पुन्हा पारखला आणि नंदिताला फोन लावला. मीटर नीट झालंय, तू ठणठणीत आहेस, आणि शेषम्मांना मी सकाळीच सांगितलंय, अशी सून हातची घालवू नका.

नंदिता हसली. मग म्हणाली, "सरी, बरं अंबाक्का. अप्पांना सांगू?"

खिडकीतून फाटक दिसत होतं. वरुणराव मोपेडला टेकून उभे होते, डोळे दाराकडे.

"नको," अंबा म्हणाली. "मी कळवीन."

आणि तिनं पुढचं मीटर ढकलगाडीवर ठेवलं.