खाजणाची नोंद

गावाची खाडीकाठची जमीन ‘पडीक’ ठरवण्याविरुद्ध मनालीने हरकतीचा अर्ज लिहिला, तेव्हा आधी ‘दलदल’ असंच लिहिलं होतं. शहरालगतच्या टेमघरात वाढलेली ती, तिला काय ठाऊक. सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, अर्ज वाचून घेतला आणि मांडीवरच्या नातवाला थोपटत म्हणाल्या, "दलदल म्हंजे बेवारस चिखल, पोरी. आपलं खाजण हाय. बांध घालून खाडी अडवली, भात लावला, तं ती खार. खाडीला वाट मोकळी ठेवली, तं ते खाजण. निवट्या, चिंबोऱ्या, गावाचं कालवण तिथलं."

"शब्द आला कुठनं, आई?"

"ते न्हाय ठाऊक. पाणी कुठनं येतं ते ठाऊक हाय."

मनालीने तो कागद फाडला आणि नवा अर्ज लिहिला.

तलाठी भाऊसाहेब पाहणीला आले ते सकाळी दहाला. समोर भेगाळलेला कोरडा चिखल. एकदा का ‘पडीक’ म्हणून नोंद झाली, की भराव पडणार नि शेजारच्या दापोडे गावासारखी गोडाऊनं उठणार, हे साऱ्या गावाला कळत होतं. भाऊसाहेबांनी तर मोटारसायकलच खाजणाच्या मधोमध लावलेली.

"वहिनी, पाणी कुठंय?"

"येईल. सव्वाबाराला."

"खाडीचं टाइमटेबल आहे वाटतं?"

"हाय ना," धोंडूबाई म्हणाल्या. "आज पुनव, दिवसाचं उधाण मोठं. तिथीची पाऊणपट करायची. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरतीची येळ. आपली खाडी आत, म्हणून वर एक तास. गाडी तेवढी काढा, भाऊसाहेब."

"मला दुसरी गावं आहेत, आजी."

"मग लिहा तसं," मनाली म्हणाली, "भरतीच्या आधीच निघालो म्हणून."

भाऊसाहेब बांधावर टेकले.

बारा वाजले. काही नाही. कडेवरचं बाळ किरकिरलं, मनालीने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. सासूबाई सुपारी कातरत होत्या.

मग चरांमधून पाणी सळसळत आलं. भेगा भरल्या, चिखल काळाभोर झाला, आणि बघता बघता मोटारसायकलची चाकं अर्धी बुडाली. भाऊसाहेब पॅन्ट दुमडून धावले. जमलेल्या गावकऱ्यांतून केसरीनाथ ओरडला, "जोर लावा रे, पडीक जमिनीत गाडी बुडतेय साहेबांची!"

भिजलेले भाऊसाहेब गाडी बाहेर काढून परत आले, पंचनाम्याचा कागद पुढ्यात घेतला. "सांगा वहिनी, काय लिहू?"

"खाजण. भरतीचं पाणी येतं. गाव त्यावर जेवतं."

त्यांनी लिहिलं.

"वाचून दाखवा."

त्यांनी मोठ्याने वाचलं. मनालीने बाळ सासूच्या हाती दिलं आणि साक्षीदारांच्या रकान्यात पहिली सही ठोकली.