चंद्राबाईनं ठेवलेला टाक

पलूसची माणसं महेंद्रला हसत. "मास्तर, म्हाताऱ्यांच्या गप्पा गोळा करून कुणाचं पोट भरलंय?" भरत नाही, ते त्यालाही ठाऊक होतं. पण सुट्टी लागली की गडी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून निघालाच माण तालुक्यात. नेम एकच, ज्या गावची कॅसेट ती आधी त्या गावाला ऐकवायची.

शहाण्णव साली, धर्मांतराला चाळीस वर्षं झाली म्हणून, तो चंद्राबाईपुढं बसला. घरोघरचे देव पाटीत भरून माणगंगेत कसे सोडले, ते म्हातारीनं झकास रंगवून सांगितलं. मग आवाज उतरला. "खरं सांगू? समदं सोडलं, पन खंडोबाचा चांदीचा टाक म्या ठिवला. अजून उतरंडीत हाय."

तिचा मुलगा धोंडिराम विहाराचा कारभारी. कुणाच्या घरात देव दिसला, की भर सभेत त्याचे वाभाडे काढणारा. आता सख्ख्या आईचीच शोभा होणार! महेंद्रनं खटकन बटण दाबलं. "राहू द्या, आज्जी." घरी जाऊन तेवढं बोलणं पुसूनही टाकलं. माणूस भला, पण भलेपणाची घाई फार.

पौर्णिमेला विहारात कॅसेट लागली. देव नदीत गेले, टाळ्या पडल्या. चंद्राबाई उठली.

"म्होरचं कुठाय?"

"तेवढंच होतं, आज्जी."

"खोटं बोलू नगंस! पोराम्होरं तोंड उघडायचं धाडस न्हवतं, म्हून तुझ्या यंत्राला सांगितलं. आन् तू पुसलंस व्हय रं?"

महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारीनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि टाक धोंडिरामच्या हातावर ठेवला.

त्याचं तोंड लालबुंद झालं. "आई, घरात देव ठिवलास?"

"देव न्हवं रं. कडंला बघ की."

पातळ चांदीच्या काठाला बारीक खड्डे पडले होते.

"दात हायती. तुझ्या थोरल्या भनीचं. दात येत हुतं तवा ह्येच चावत बसायची. दीड वरसाची गेली, तुझ्या जन्माआधी. तुझा बा म्हनला, पुन्यांदा तिचं नाव काढायचं न्हाई. फोटू कुठला तवा? तिचं म्हनून एवढंच उरलंय."

आपल्याला बहीण होती, हे धोंडिरामला आज कळत होतं. त्यानं काठावरनं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"आई," तो म्हणाला, "नाव काय हुतं तिचं?"