पूर्वरंगातला हार

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. तुमच्या आजोबांनी खडूनं गिरवलेली दगडी पाटी मी नव्हे. मी काळी, सपाट, वायर जोडलेली, चित्रं काढायची पाटी. दुकानात मला पेन टॅबलेट म्हणतात. माझ्यावर काढलेलं माझ्यावर दिसत नाही, ते समोरच्या पडद्यावर उमटतं. त्यामुळं हजारो चित्रं माझ्या अंगावरून गेली, पण मी त्यातलं एकही पाहिलेलं नाही. मला फक्त पेनाचा दाब कळतो. हलका, जड, त्याहून जड, अशा कितीतरी पायऱ्या मला ओळखता येतात. कान म्हणाल तर कारखान्यानं मला ते दिले नव्हते. पण कीर्तनकाराच्या घरात राहिलं की भिंतींनाही ऐकू यायला लागतं, मग माझं काय घेऊन बसलात.

माझा जन्म दूरदेशी झाला. तिथल्या एका बाईनं माझ्यावर सरळ रेघ ओढून पाहिली आणि मला खोक्यात झोपवलं. झाकण उघडलं ते थेट सीताबर्डीत, व्हरायटी चौकाजवळच्या एका दुकानात. समोर पायल होती आणि तिच्यासोबत तिचे वडील मनोहरराव. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आणि तीस वर्षं कॉलनीच्या मंदिरात उभं राहून कीर्तन करणारे.

"लिहायचं इथं अन् दिसंल तिथं?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"हो काका. नजर वर ठेवायची, हात आपोआप चालते."

"मंग घे वं पायल. हे तर आमच्याच कामातलं दिसून राहिलं."

अशी मी कोराडीला आले. तिथल्या हवेत राख असते. सकाळी पुसलेलं टेबल दुपारी करडं होतं. पायल रोज काम सुरू करण्याआधी मला ओल्या फडक्यानं पुसायची, मग कोरड्या. देवाची भांडी घासावीत तसं. त्या घरात कामाला बसण्याची हीच रीत होती.

पायलनं इंटरनेटवर एक कार्टून सुरू केलं. त्याचं नाव 'बगळेबुवा'. तलावाकाठी एक बगळा धोतर नेसून, उपरणं घेऊन कीर्तन करतो. पेटीवर कासव, तबल्यावर बेडूक. समोर खेकडे, बदकं, दोन म्हशी.

मनोहरराव आधी बिचकले होते. "बगळ्याले बुवा केलं तू? लोक म्हणतील ढोंगी आहे."

"नाव घेता घेता सुधारला असंल ना, बाबा."

"हे मात्र खरं बोलली," ते म्हणाले आणि बुवाचा आवाज द्यायला तयार झाले.

आवाज ते उभं राहूनच द्यायचे. बसून कीर्तन होत नसते, असं त्यांचं म्हणणं. कोळशाचे ट्रक रस्त्यानं जायचे, तेव्हा तोंड उघडं ठेवून तसेच थांबायचे. ट्रक गेला की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं. पायलच्या आईचं, प्रमोदिनीबाईंचं, काम एवढंच की त्या वेळात कुकर लावायचा नाही.

मित्रांनो, तो माझ्या कौतुकाचा काळ. भाग वाढत गेले, पाहणारेही वाढले. आणि पाहणाऱ्यांमध्ये एक जात निघाली चुका शोधणाऱ्यांची. त्यांचा म्होरक्या अंकुश, कॉलेजातला मुलगा. तो दर भागाखाली क्रमांक घालून चुकांची यादी लिहायचा. त्याच्याशी भांडायला रीना नावाची एक चाहती टपलेली. पायल चहाच्या वेळी ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची.

अंकुश लिहायचा, "बेडकाच्या पुढच्या पायाला पाच बोटं दाखवली. चारच असतात."

रीना लिहायची, "तबला शिकून शिकून एक जास्तीचं फुटलं असंल."

"कासवाचा चष्मा पहिल्या मिनिटाला डावीकडं फुटका, तिसऱ्या मिनिटाला उजवीकडं."

"कासव वळलं. तू पण वळून पाहत जा कधी."

"वळलं तरी फुटकी काच त्याच डोळ्यावर राहते, ताई."

आणखी कोणी विचारायचं, बगळ्याला उडता येतं तर तो कीर्तनाला ऑटोनं काहून येते? त्यावर उत्तर यायचं, तू धोतर नेसून उडून दाखव.

मनोहरराव हसून हसून चहा सांडायचे. पण मग पायलला म्हणायचे, "बोटं मोजून घे वं. पोरगं खरं बोलून राहिलं." आणि ती बोटं मोजायची.

एकोणिसाव्या भागात पहिल्यांदाच पूर्ण कीर्तन दाखवायचं ठरलं. तुमच्यापैकी कोणी कीर्तनाला बसलं नसेल तर सांगते. आधी पूर्वरंग असतो, त्यात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचा अर्थ उलगडतात. मग मध्यंतर. तेव्हा यजमान बुवांना बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात, नामाचा गजर होतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी आरती. मनोहररावांनी मंगळवारी पूर्वरंगाचा आवाज दिला. उत्तररंग गुरुवारी करू म्हणाले.

बुधवारी सकाळी ते गेले. फुलं तोडायला अंगणात गेले होते, तिथंच.

त्यानंतर दीड महिना मला कोणी हात लावला नाही. माझ्यावर राख बसत गेली. तिला वजन नसतं, त्यामुळं मला काही कळलं नाही. तो दीड महिना कसा गेला असं कोणी विचारलं, तर सांगण्यासारखं काही नाही. गेला.

मग एका दुपारी पायल येऊन बसली. मला न पुसताच तिनं पेन उचललं. पूर्वरंगाचा आवाज लावला आणि चित्रं काढू लागली. ती एरवी बुवाचं अंग एका लेअरवर काढायची, उपरणं दुसऱ्या, पागोटं तिसऱ्या, म्हणजे एक पुसलं तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. या वेळी सगळं एकाच लेअरवर काढत गेली. तिच्या हाताचा दाब पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत एकच होता. हलका नाही, जड नाही. माझ्या इतक्या पायऱ्यांपैकी ती एकाच पायरीवर उभी होती. आणि पहिल्या चित्रापासूनच मला बुवाच्या मानेखाली छोटे छोटे वळसे लागत होते. एकाला लागून एक, पंधरा. मध्ये एक मोठा गोंडा. दोनशे बारा चित्रं झाली, आणि दोनशे बारा वेळा ते वळसे. मला कळलं होतं ते काय आहे. पण मित्रांनो, पाटीला सांगता येत नाही.

भाग प्रसिद्ध झाला. वडील गेल्याचं पायलनं पाहणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. बोलणंच तिनं जवळपास सोडलं होतं. आईनं जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर पडायची.

चार दिवसांनी आईच म्हणाली, "काहून वं, त्या पोराची यादी नाही आली?"

"आली असंल."

"वाचून दाखव मले."

पायल वाचू लागली. आवाज सपाट, शाळेत हजेरी घेतात तसा. अंकुशनं लिहिलं होतं, "चूक पहिली, खेकडा सरळ चालतो. चूक दुसरी, या भागात सगळ्या रेषा एकाच जाडीच्या आहेत. आधी असं नव्हतं. दुसऱ्या कोणी काढला का हा भाग?" रीनानं त्याला झापलं होतं. आणि खाली भिवापूरच्या यमुताईंनी लिहिलं होतं. त्या निवृत्त शिक्षिका, कधीमधीच लिहायच्या.

"मुलांनो, खेकड्याचं राहू द्या," पायल वाचत होती. "बुवांच्या गळ्यात पूर्वरंगातच हार कुठून आला? हार मध्यंतरात पडतो. पूर्वरंगात गळा मोकळा असतो. बाकी सारं इतकं शास्त्रशुद्ध, मग हे कसं चुकलं?"

त्यावर नव्वद जणांचा वाद. कोणी म्हणे मागच्या कीर्तनाचा हार राहिला असेल. कोणी म्हणे बुवा लग्नातून आले.

पायल थांबली. "कुठला हार? मी हार नाही काढला."

आई उठून पडद्याजवळ आली. पायलनं भाग लावला. 

"काढला तू," आई म्हणाली. "हा पाह्य ना, झेंडूचा. मध्ये गोंडा. हा तर त्या फोटोचा हार आहे."

मनोहररावांचा फोटो पडद्याच्या बरोबर वर टांगलेला होता. माझ्यावर काढायचं तर नजर वर ठेवावी लागते.

पायलनं पेन खाली ठेवलं. "सगळंच काढून टाकते, आई. पूर्ण चॅनल. नको मले हे."

"टाक काढून. पण त्या भिवापूरच्या बाईले उत्तर देऊन टाक. तुझ्या बाबानं कोणाले बिनाउत्तराचं घरी पाठवलं नाही."

पायलनं लिहिलं. माझ्यावर नाही, कळफलकावर, पण टेबल हललं ते मला कळलं. चार ओळी. "बुवांचा आवाज माझ्या वडिलांचा होता. ते गेले. हार चुकून काढला गेला, समोर त्यांचा फोटो आहे. उत्तररंगाचा आवाज झालेला नाही."

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, काय म्हणून राहिले लोक? पायलनं वाचून दाखवलं. रीनानं लिहिलं होतं, हार राहू द्या, ही चूक नाहीच. शेकडो लोकांनी तेच म्हटलं होतं. अंकुशनं लिहिलं होतं, "मी माझी यादी पुसतो. माफ करा." पायल सगळं वाचत गेली, तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. शेवटी यमुताई होत्या.

"पायलबाई, मी चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली. तुमच्या वडिलांचा पूर्वरंग चोख आहे, एक ओळ सैल नाही. म्हणूनच सांगते, हार काढा. बोलणाऱ्या बुवाच्या गळ्यात हार नसतो. तो आम्ही घालायचा असतो, त्यांचं ऐकून झाल्यावर. आमचं काम तुम्ही करून टाकलं."

पायलनं हे एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. मग उठली, फडकं ओलं करून आणलं आणि मला पुसलं. फडकं इतकं काळं झालं की आईनं ते धुवायलाच टाकलं.

सगळं एका लेअरवर होतं. हार पुसला की मानही पुसली जायची. म्हणून प्रत्येक चित्रात आधी हार पुसायचा आणि मग त्या रिकाम्या जागी मान नव्यानं काढायची. दोनशे बारा वेळा. नऊ दुपारी लागल्या. पहिले तीन दिवस दाब तोच होता, एका पायरीवरचा. आई शेजारी मेथी निवडत बसायची. चौथ्या दिवशी ती पडद्याकडं बघून म्हणाली, "त्यांची मान एवढी लांब नव्हती वं."

"आई, बगळा आहे तो."

"हो माय, मी विसरूनच गेली."

पायल हसली का, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की पुढची मान तिनं वरून हलक्या हातानं सुरू केली, आणि खाली उतरता उतरता रेघ जड होत गेली. गळ्यापाशी इतकी जड, की माझ्यावर एक बारीक चरा पडला. तो अजून आहे. त्यानंतर हात पुन्हा कधी हलका, कधी जड पडू लागला. दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. ते कुठल्या पायरीवर मोजतात, मला कळत नाही.

दहाव्या दिवशी मोकळ्या गळ्याचा पूर्वरंग पुन्हा प्रसिद्ध झाला. शेवटी तिनं मध्यंतराचं एक चित्र जोडलं. बुवा मान वाकवून उभे आहेत आणि समोर सगळे हार धरून. चॅनल तिनं काढलं नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझी वायर सैल आहे, मधला भाग गुळगुळीत झाला आहे, कधी कधी मी रेघ अर्ध्यात सोडते. माझ्यासारखी पाटी तुमच्या घरी असेल तर तिच्यावर चहाचा कप ठेवू नका आणि कामाआधी तिला पुसा. आणि तुम्ही चुका शोधणारे असाल तर जरूर शोधा, बोटं मोजा, चष्मे तपासा. पण चूक सांगून पळून जाऊ नका. कीर्तनाची एक शिस्त आहे, आरती होईपर्यंत उठायचं नसतं. उत्तररंग अजून झालेला नाही. आवाज कोणाचा, ते पायलनं ठरवलेलं नाही. आई म्हणते, गोष्ट मले पाठ आहे, पण मले उभ्यानं बोलता येत नाही. पायल म्हणते, पाहू. दर गुरुवारी भिवापूरहून एक ओळ येते, "आम्ही बसलो आहोत." तिच्याखाली अंकुशचं नाव असतं, रीनाचं असतं, आणि मग इतकी नावं की पायलला सगळी वाचून दाखवता येत नाहीत.