मध्यंतरानंतरचा पिक्चर

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सोमवारी अकराच्या चहाला मशिनी थांबत आणि तोंडं सुरू होत. रविवारी कुणी कुठला पिक्चर पाहिला, नायिका कशी सुकलेली दिसते, नायकाला आता आजोबांची कामं द्यावीत, असा सगळा निवाडा त्या पंधरा मिनिटांत व्हायचा. कटिंग मास्तर टेबलाला टेकून उभा राही, काज करणाऱ्या वहिनी बशीत चहा ओतून घेत, आणि सगळ्यांचं बोलून झालं की माना कॉलरच्या मशिनीकडे वळत. तिथे थोरली बसायची. ती कमी बोले, पण तिचा शब्द शेवटचा. ती ‘बघण्यासारखा आहे’ म्हणाली की पुढच्या रविवारी निम्मा कारखाना थिएटरात.

आता खरं सांगायचं तर थोरलीनं गेल्या नऊ वर्षांत एकही पिक्चर पूर्ण पाहिला नव्हता.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, डोळे तेवढे लख्ख. एकदा तिला अर्धा तास एकटं ठेवलं, तर उशीवरून घसरून तिचा श्वास कोंडला होता. देवाची कृपा म्हणून वाचली. त्या दिवसापासून दोघी बहिणींनी ठरवून टाकलं, आईला एकटं ठेवायचं नाही. थोरली कारखान्यात जाई, धाकटी घर आणि आई सांभाळी. आणि रविवारी दुपारी तीनच्या खेळाला दोघी मिळून एक पिक्चर बघत. प्रश्न तिकिटाचा नव्हता, आईचा होता. मध्यंतरापर्यंत थोरली बघायची. दिवे लागले की झपाझप सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर यायची. धाकटी तिथे आलेली असे. तिच्या हातात तिकिटाचा अर्धा तुकडा द्यायचा आणि घर गाठायचं. पुढचा पिक्चर धाकटी बघे. आई एकटी राही ती फार तर सात-आठ मिनिटं. संध्याकाळी आईला भरवताना थोरली पहिला अर्धा सांगे, धाकटी दुसरा, आणि तीन माणसांचा मिळून एक पिक्चर पुरा होई. नऊ वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

आणखी एक गोष्ट ठरली होती, ती याच कोपऱ्यावर. आई आहे तोवर दोघींपैकी कुणी घर सोडायचं नाही. ते ठरलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी कटिंग मास्तरनं थोरलीला विचारलं होतं. तिनं मान खाली घालून नाही म्हटलं आणि पुन्हा कॉलरला सुई लावली. मास्तरनं वर्षभर वाट पाहिली, मग लग्न केलं. आता त्याला दोन मुलं होती आणि दर शनिवारी तो बायकोला पिक्चरला नेत असे.

त्या सोमवारी एका परिचारिकेच्या पिक्चरची गोष्ट निघाली. थोरली म्हणाली, शेवट मला फार आवडला. ती बोटीत चढते आणि तिचा पांगळा भाऊ कुबड्या टेकत धक्क्यावर येऊन ‘जा, माझी काळजी करू नकोस’ म्हणतो. घरचा माणूस इतक्या मोठ्या मनाचा दाखवलाय, म्हणून पिक्चर वर येतो.

मास्तरनं कप खाली ठेवला. “कुठली बोट?” त्यानं विचारलं. “ती तर आगीत जळून मरते. भाऊ वॉर्डात अडकलेला असतो, त्याला काढायलाच आत जाते ना.”

काजवाल्या वहिनी खो खो हसल्या. म्हणाल्या, बाईंनी डुलकी काढली आणि स्वप्नातला पिक्चर आम्हाला सांगितला. सगळे हसले. थोरलीही हसली, आणि त्या दिवशी तिनं तीन कॉलर उलट्या शिवल्या.

उसवता उसवता तिला एकेक आठवू लागलं. वकिलाच्या पिक्चरात मुलगी शेवटी आगगाडीत बसली होती. पहिलवानाच्या पिक्चरात धाकटा भाऊ शहराला गेला होता. ती आंधळी गायिका, तो चोर, ती दोन जुळी, गेल्या दीड वर्षातल्या सगळ्या पिक्चरांत शेवटी कुणीतरी जात होतं आणि मागे राहणारा हसतमुखानं निरोप देत होता. नाना रंगांच्या कापडाला एकच अस्तर लावावं तसं. आणि दर वेळी ‘पटलं का तुला?’ म्हणून धाकटी विचारायची. आणि दर वेळी थोरली म्हणायची, फार पटलं.

घरी तिनं हे सगळं पोटात ठेवलं. पुढच्या रविवारी थिएटरात जरा लवकर गेली आणि दारावरच्या म्हाताऱ्याला सहज विचारावं तसं विचारलं, मध्यंतरानंतर माझी बहीण येते ना, तिला खुर्ची नीट सापडते ना.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. “ताई, तुमची चौदा नंबरची खुर्ची दीड वर्ष झालं मध्यंतरानंतर रिकामीच असते,” तो म्हणाला. “मला वाटायचं, तुम्हालाच पुढचं बघवत नाही.” मग जरा चाचरत त्यानं हेही सांगितलं की थिएटरासमोरच्या बाकावर तो चष्म्याच्या दुकानातला माणूस दर रविवारी बसलेला असतो, आणि ताईंची बहीण त्याच्याजवळ बसते. दोघं नुसती बोलत असतात. वावगं काही नाही. तो सभ्य माणूस आहे.

चष्मेवाला थोरलीला ठाऊक होता. आईच्या चष्म्याचा नंबर काढायला तोच घरी आला होता. आईला अक्षरं वाचून दाखवता येत नव्हती, म्हणून त्यानं एकेक भिंग धरून तिच्या पापण्यांकडे बघत तासभर नंबर काढला होता. त्या वेळी थोरलीला त्याचं किती कौतुक वाटलं होतं.

त्या दिवशीचा अर्धा पिक्चर डोळ्यांपुढून गेला, डोक्यात काही शिरलं नाही. कोपऱ्यावर तिनं नेहमीसारखा तुकडा धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती. थोरलीच्या मनात आलं, हिचं वय छत्तीस. मला विचारलं तेव्हा मी बत्तीसची होते.

संध्याकाळी आईला पेज भरवताना थोरलीनं आपला अर्धा कसाबसा सांगितला. धाकटीनं पुढचा धागा उचलला. चमचा हातात तसाच धरून ती सांगत होती. नायकाला दूरची नोकरी मिळते. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या गाडीनं तो जायचा असतो. तो तिला म्हणतो, मी साडेचारला नेहमीच्या जागी येईन. तू नुसती ये. आलीस तर मी थांबेन, तुझ्या घरच्यांशी बोलेन, तुझ्या आजारी माणसाला आपल्यात घेऊ. नाही आलीस तर तुझं उत्तर मला कळेल, मी पुन्हा त्रास देणार नाही.

“मग?” थोरलीनं विचारलं.

“मग काही नाही. तिथेच संपवलाय. हल्ली शेवट सांगत नाहीत म्हणे, बघणाऱ्यानं समजून घ्यायचा.” धाकटीनं आईच्या ओठाच्या कडेची पेज पुसली. मग थोरलीकडे न बघता म्हणाली, “ताई, तुला काय वाटतं? तिनं जावं का?”

आईचे डोळे एकीवरून दुसरीवर गेले.

दार उघडं होतं. नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. धाकटी दीड वर्ष याच दारावर टकटक करत होती हे थोरलीला तेव्हा कळलं, आणि कळूनही तिच्या जिभेवर मास्तरच्या टेबलावरची कात्री आली. ती म्हणाली, “जावं की. पिक्चरात काय, कुणीही उठतं आणि जातं.”

धाकटीला त्यातला डंख दिसला नाही. तिला फक्त ‘जावं’ ऐकू आलं. भांडी घासताना ती त्या रात्री गुणगुणत होती.

आठवडा गेला. रविवारी घड्याळजीचा पिक्चर होता. निघताना धाकटीनं पदर सारखा करत दोनदा विचारलं, वेळेवर येशील ना गं. निळी साडी तिनं खुर्चीवर काढून ठेवली होती. थोरली म्हणाली, नऊ वर्षांत कधी उशीर केलाय का.

सव्वाचारला मध्यंतर झालं. दिवे लागले. लोक उठले, बाहेर गेले, हातात पुड्या घेऊन परत आले. थोरली बसून राहिली. आपण उठणार नाही असं तिनं ठरवलं नव्हतं. ती आता उठू, मग उठू म्हणत होती. मुठीत तिकिटाचा तुकडा ओला झाला. दारावरचा म्हातारा दोनदा आत डोकावून गेला. मग दिवे गेले, पडदा उजळला, आणि तिला वाटलं, आता काय, आता अंधारात कुठे जायचं. मला कुणी साडेचारला बोलावलं होतं का, असं ती मनाशी म्हणाली. मनाला ते उत्तर पुरलं.

पडद्यावर नाचगाणी झाली, मारामारी झाली, हरवलेला भाऊ सापडला. थोरली बघत होती, पण तिच्या डोळ्यांपुढे कोपरा होता आणि घर होतं. धाकटी नक्की गेली असेल बाकाकडे, आईला टाकून गेली असेल, असं तिला वाटे. जाऊ दे, तिला म्हणायचं होतं, जाऊ दे तिला, म्हणजे मला तिचा राग करता येईल. आणि मग आईची उशी आठवली की ती खुर्चीच्या कडेला सरकून बसे. तरीही ती उठली नाही. एवढं पाप पदरात घेऊन तिनं पिक्चर शेवटपर्यंत पाहिला.

सहा वाजता ती घरी आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आई उशीवर नीट होती. धाकटी तिच्या पायाशी बसून पावलांना तेल चोळत होती, अंगावर निळी साडी, निऱ्यांवर तेलाचे डाग.

“मी कोपऱ्यावर आले होते,” धाकटी म्हणाली. आवाज साधा होता. “दहा मिनिटं थांबले. मग परत आले. आई एकटी होती ना.”

थोरलीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. गर्दी होती म्हणावं की पाय धरला होता म्हणावं, हे तिचं ठरेना. धाकटीनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. धाकटीचा हात आईच्या टाचेवर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

नेमाप्रमाणे भरवायची वेळ झाली. थोरलीनं पहिला अर्धा सांगितला, घड्याळजी, त्याच्या दुकानातली घड्याळं, त्याचं न जमलेलं लग्न. मध्यंतराशी येऊन ती थांबली, सवयीनं धाकटीकडे पाहिलं.

“आज पुढचंही तूच सांग,” धाकटी म्हणाली. “तू बघितलायस.”

थोरलीनं खूप आठवलं. भाऊ कुठे सापडला, कुणी कुणाला मारलं, काही हाताला लागेना. ती म्हणाली, “काही विशेष नाही. सगळे घरीच राहतात.”

आईनं पुढचा घास घेतला नाही. डोळे मिटून घेतले आणि चांगली बाजू होती तिकडे, भिंतीकडे, मान वळवली.

सोमवारी अकराच्या चहाला घड्याळजीचा विषय निघाला. मास्तर म्हणाला, आमच्या मंडळींना तर रडू आवरेना. वहिनी म्हणाल्या, लांबवलाय फार. मग सगळ्यांच्या माना कॉलरच्या मशिनीकडे वळल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच थोरलीनं अख्खा पिक्चर पाहिला होता.

तिनं दातानं दोरा तोडला.

“पहिला भाग बरा आहे,” ती म्हणाली. “मध्यंतराला उठून यावं.”