निवेपर्यंत

बाइंडरांनी घसा साफ केला, पोस्टमनच्या सायकलीचं हँडल हलकेच धरलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?"

"मी? घरून डबा आणतो," पोस्टमन हसला. मग त्यांचा पडलेला चेहरा पाहून म्हणाला, "कालव्यामागे जा. बोटी दुरुस्त करतात ना, तिथे एक बाई जेवायला घालते. पाटीबिटी काही नाही."

अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हणजे बाइंडरांच्या अंगावर काटा यायचा. पण परतीची गाडी दुपारची होती आणि सहलीच्या तीन दिवसांत त्यांना हवं ते मिळालं नव्हतं. पहिल्या हॉटेलात गाण्यांमुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दुसऱ्या ठिकाणी सगळं कोमट.

बायको मागे सावलीत उभी होती. एकतीस वर्षं तिनं घरीच खाणावळ चालवली. जेवायला येणारी पोरं तिला मावशी म्हणत. पहिल्या पंगतीला बाइंडर जेवून दुकानात जात. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, ओट्याला टेकून, उभ्यानेच. गेल्या महिन्यात खाणावळ बंद केली, तेव्हा बाइंडरांच्या लक्षात आलं, की आपण हिला बसून, गरम गरम जेवताना कधी पाहिलेलंच नाही. एकदा तरी पाहायचं होतं. तिला हे सांगायचा मात्र धीर झाला नव्हता.

कालव्यामागे तीनच टेबलं होती. पाण्यावर ऊन पडलेलं. एक माणूस उलट्या बोटीला रंग देत होता. दुसरा आवाज नव्हता.

बाईनं दोन ताटं आणून ठेवली. भात, रस्सा, तव्यावरून नुकती काढलेली मासळी. वाफेनं बाइंडरांचा चष्मा धुरकटला. तो त्यांनी पुसलादेखील नाही, इतके ते खूश झाले.

"जेव ना."

"जेवते. तुम्ही घ्या."

आपल्यासाठी थांबली असेल, म्हणून त्यांनी घाईनं घास घेतला. जीभ पोळली. मावशीचे हात मांडीवरच.

"आवडलं नाही का गं?"

"न आवडायला काय झालं? कांदा काय सुरेख परतलाय बाईनं!"

बाई पाणी घेऊन आली. "काकू, काही हवंय का?"

"काही नको गं. जरा निवू दे."

"घ्या! इथे लोक गरम नाही म्हणून भांडतात माझ्याशी."

"सवयच राहिली नाही बघ," मावशी हसत म्हणाली. "गरम घास नुसता तोंडात फिरतो. चव म्हणून लागत नाही. दोष तुझा नाही हो."

कुणी बिनसाखरेचा चहा मागावा तितक्या सहज ती बोलली.

बाइंडरांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुम्ही का थांबलात?"

"असंच."

"गार होईल."

"होऊ दे."

दोघं बोटीकडे बघत बसली. रंगवणाऱ्यानं एक बाजू संपवली, डबा उचलून तो पलीकडे गेला. वाफ विरली. रश्श्यावर तेलाचा पातळ थर धरला. मावशीनं बोटाच्या मागच्या बाजूनं भात चाचपला, पोराचं कपाळ बघावं तसा, आणि जेवायला सुरुवात केली.

बाइंडरांनीही घास घेतला. तो बराच वेळ चावला.

"मीठ जरा जास्त आहे का?" ते हळूच म्हणाले.

"आहे. गरम असताना कळत नाही." तिनं काटा काढून बाजूला ठेवला. "माझ्याकडूनही व्हायचं कितीदा तरी. तुम्ही आपले 'छान झालंय' म्हणून उठायचात."

"मग सांगायचं नाही का?"

"मला कळेपर्यंत तुम्ही दुकानात पोचलेले असायचात."

ती शांतपणे जेवत राहिली. बाइंडरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि दुसरा घास घेतला.